माहीत नाही म्हणणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडम माणसाला नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी वणीजवळच्या राजूरचा, वडील कोळसा खाणीत, म्हणून मी 'राजूर'. नमुने उतरवून घेणारी बाई पुसदची, ती 'पुसद'. आमचे दोन शिपाई एकाच कळंबचे निघाले, तेव्हा एक 'कळंब' राहिला आणि दुसऱ्याला 'कळंबच्या पुढे' असं नाव पडलं. "पुसद, थोडं सरक. राजूर, तू काहून उभा? कळंबच्या पुढे कुठी गेलं?" असं दिवसभर चालायचं. बाहेरचा माणूस दारात आला तर त्याला वाटावं, आपण दवाखान्यात नाही, एसटी स्टँडावर उभे आहोत.

एकदा मी विचारलं, "मॅडम, आमची नावं तुमच्या लक्षात राहत नाहीत का?"

"राह्यतात ना. पण नावाचं मी काय करू? ताप काय नावातून येते? गावातून येते. मले गाव माहीत पाह्यजे."

यवतमाळच्या एका मोठ्या दवाखान्यात विषाणूंच्या तपासणीचा आमचा विभाग होता आणि मॅडम त्याच्या प्रमुख होत्या. मूळ दिग्रसच्या. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री होते. घरात हिंदी-उर्दू, गल्लीत वऱ्हाडी आणि पुढं कॉलेजात इंग्रजी अशा तीन भाषांवर त्या वाढल्या होत्या आणि तिन्हींची कामं त्यांनी वाटून दिली होती. रिपोर्ट इंग्रजीत, कौतुक उर्दूत आणि चिडणं वऱ्हाडीत. "माशाअल्लाह, क्या साफ काम किया" असं ऐकू आलं की रजा मागायला तीच वेळ. "काय बे, डोये घरी ठेवून आला काय?" असं ऐकू आलं की रजेचा विषय त्या आठवड्यापुरता संपला.

ठेंगणा बांधा, डोक्यावर घट्ट बांधलेली ओढणी, वरून पांढरा कोट आणि पायात शाळकरी पोरांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. ते बूट वाजत नसत, त्यामुळं मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्याचं आम्हाला त्यांच्या डब्याच्या वासावरूनच कळे. डब्यात रोज ठेचा असायचा. तो त्या आधी दुसऱ्याला द्यायच्या, त्याच्या डोळ्यांत पाणी येतं का ते पाहायच्या आणि मगच स्वतः खायच्या.

मी नोकरीला लागलो तेव्हा एकेका आजाराची एकेक तपासणी असे. डेंगूची थाळी वेगळी, चिकुनगुनियाची वेगळी, मेंदूज्वराची वेगळी. एकाच माणसाचं रक्त चार ठिकाणी फिरायचं, आणि लहान लेकराचं तर पुरायचंच नाही. मग नवं मशीन आलं. त्याला रक्तातल्या पिवळ्या पाण्याचा, म्हणजे सीरमचा, एक थेंब पुरे. त्या थेंबात डोळ्यांना न दिसणारे रंगीत मणी सोडायचे. प्रत्येक रंगाच्या मण्यावर एकेका विषाणूचा तुकडा बसवलेला. विषाणू अंगात येऊन गेला की त्याच्याविरुद्ध रक्तात अँटिबॉडी तयार होतात, त्या आपापल्या मण्याला जाऊन धरतात. मशीन एका फेरीत सगळे मणी वाचतं आणि कोणकोणते विषाणू या अंगातून गेले ते पडद्यावर मांडतं.

आम्ही पेढे वाटले. मॅडमनी पेढा खाल्ला, पण मशीनवर विश्वास ठेवला नाही.

"लय बोलते हे," त्या म्हणाल्या. "जो माणूस एका दमात साऱ्या गावाची खबर सांगते, त्याची खबर आपण आधी काढली पाह्यजे."

ती काढण्याची त्यांची रीत अशी की दर फेरीत त्या स्वतःचं सीरम घालायच्या. कंपनीनं तपासणी बरोबर चालली का ते पडताळायला बाटल्या दिलेल्या होत्याच, त्या आम्ही वापरायचोच. वरून एक मॅडम. मी त्यांच्या हातातून रक्त काढायचो आणि त्या नसेकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. त्यांना डेंगू होऊन गेलेला, चिकुनगुनिया होऊन गेलेला, हे सगळ्या विभागाला ठाऊक होतं. "मले काय काय झालं ते मले माहीत हाये," त्या म्हणायच्या. "हे जर दुसरं काही सांगत असन, तर मले बी सांगू द्या कोण खोटं बोलून राह्यलं ते."

पावसाळ्यानंतर तापाची साथ सुरू झाली की नमुने आणायला त्या स्वतः निघायच्या. दवाखान्याची गाडी बहुतेक वेळा दुसऱ्या कामात असे. मग एसटी. बर्फाची पेटी मांडीवर घ्यायला त्या तयार नसत, ती शेजारच्या सीटवर बसवायच्या आणि तिचं तिकीट काढायच्या. एकदा राळेगावच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, "बाई, याले तिकीट नाही लागत. खाली ठेवा."

"काहून नाही लागत? याच्यात अर्धं गाव बसून हाये."

"पण मंग माणसं उभी हायेत ना बाई."

"हे बी माणसंच हायेत. तापातली हायेत, म्हणून बसून राह्यली."

कंडक्टरनं तिकीट फाडलं. गाडीतले लोक हसले, आणि उतरेपर्यंत त्या पेटीला कोणी धक्का लावला नाही. मला वाटायचं ही निव्वळ हौस आहे. पुढं एकदा मी एकटा नमुने घेऊन आलो, पेटी पायाशी ठेवली, आणि कोणाच्या तरी गव्हाच्या पोत्यानं तिचं झाकण उचकटलं. तेव्हापासून मीही तिकीट काढायला लागलो.

माझ्या लग्नाला त्या राजूरला आल्या. मांडवात शिरायच्या आधी मागच्या बाजूला गेल्या. पाण्याचे ड्रम पाहिले, एकात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. मॅडमनी वऱ्हाडातल्या कुठल्या तरी बाईला हाताशी धरलं आणि तो भरलेला ड्रम आडवा केला. आचारी ओरडत आला, माझे सासरे धावत आले. मॅडम ओल्या बुटांनी पुढं येऊन मला म्हणाल्या, "जा, आता बस मांडवात. मुबारक हो." लग्नाच्या फोटोंत सगळ्या वऱ्हाडाचे पाय कोरडे आणि एकट्या मॅडमचे चिखलात आहेत.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे 'माहीत नाही.' हे दोन शब्द त्यांच्याइतके ठासून म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आपण सगळे ते खाली मान घालून म्हणतो, चुकार पोरासारखं. मॅडम ते समोरच्याच्या डोळ्यांत बघून, निकाल सांगावा तसं सांगायच्या. आणि त्यावर अडून बसायच्या.

ते किती अवघड असतं, ते मी एकदा जवळून पाहिलं.

राळेगाव तालुक्यातल्या एका गावात ताप सुरू झाला होता. अंगावर पुरळ, डोळे लाल, सांधे धरलेले. तिथून आलेल्या नमुन्यांत सविता नावाच्या एका सुनेचा नमुना होता. घरचं कपाशी-सोयाबीनचं शेत, नवऱ्याचं गावातच मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर पहिल्यांदा दिवस राहिलेले, पाचवा महिना. मशीननं फेरी पूर्ण केली. तिच्या नावापुढं डेंगूचा मणी पेटला होता आणि याच खेपेला नव्यानं आलेला झिकाचाही.

झिका साध्या माणसाला बहुधा फारसा त्रास देत नाही, येतो आणि जातो. पण पोटातल्या बाळाला तो गाठू शकतो, बाळाचं डोकं लहान राहू शकतं. हे आमच्या विभागात सगळ्यांना माहीत होतं. मॅडमनी खुर्ची ओढली आणि त्याच फेरीतल्या स्वतःच्या सीरमचा निकाल उघडला. पूर्वी होऊन गेलेल्या तापांच्या अँटिबॉडींचा वेगळा रकाना असे, त्यात त्यांच्याही नावापुढं झिका पेटलेला होता.

"मले कधी झिका झाला?" त्यांनी मला विचारलं.

"नाही मॅडम. म्हणजे... आपल्याला माहीत नाही."

"शाबास. माहीत नाही." मग म्हणाल्या, "डेंगू आणि झिका चुलतभाऊ हायेत, राजूर. चेहरा एकसारखा. डेंगूची अँटिबॉडी झिकाच्या मण्याले बी जाऊन धरते. या पोरीले दोघातला कोण भेटला, का दोघं बी भेटले, हे या मशीनले नाही समजत. आपल्याले बी नाही."

त्यांनी नियमाप्रमाणे 'संशयित' म्हणून वर कळवलं आणि दुसऱ्या तपासणीची तयारी सुरू केली. पण पडद्यावरचा निकाल कोणीतरी पाहून बाहेर सांगितला होता. दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीआधी आरोग्य खात्यातले एक साहेब विभागात आले. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. वरून फोन येत होते, खालून फोन येत होते.

"मॅडम, पॉझिटिव्ह आहे तर पॉझिटिव्ह म्हणून द्या ना. उद्या काही झालं तर आपल्यावर येईल."

"संशयित म्हणून कळवलं हाये, साहेब. गावात फवारणी करा, ड्रम रिकामे करा, गरोदर बायांकडं लक्ष ठेवा. कोणताबी आजार असो, ते कामं तेच हायेत. पण त्या पोरीच्या हातात पॉझिटिव्हचा कागद मी नाही देणार."

"मशीन खोटं बोलतं का मग?"

मॅडमनी त्यांना हाताला धरून पडद्यापुढं बसवलं आणि स्वतःचा निकाल दाखवला. "हे मी हाये. मले बी झिका सांगून राह्यलं हे. मंग माझी बी बातमी देऊन टाका पेपरात."

साहेब खुर्चीवरून उठले. "किती दिवस लागतील?" एवढंच त्यांनी विचारलं. जाताना फवारणीचा हुकूम फोनवरच देत गेले.

पण गावाला कोणी थांबवावं? पुढच्या दोन दिवसांतच सविता आणि तिची सासू आमच्या खिडकीपुढं उभ्या. सासू उंच, काटक, बोलायला सडेतोड. सविता तिच्या मागं, पदर तोंडाशी धरून.

"डाक्टरीणबाई," सासू म्हणाली, "आमच्या गावात सारे म्हणून राह्यले, लेकरू लहान डोक्याचं होईन म्हणून. हिची नणंद म्हणते पाडून टाक. हिचा दीर म्हणते महिना उलटला तर कोणी डाक्टर हात नाही लावणार. शेजारची बाई पोट्टे आमच्या अंगणात येऊ देत नाही. मले एकच सांगा. हाये का नाही?"

मॅडम बाहेर आल्या, बाकावर दोघींच्या मध्ये बसल्या. "काकू, मले माहीत नाही."

सासूचा चेहरा पडला. "येवढं मोठं मशीन घेऊन बी?"

"येवढं मोठं मशीन घेऊन बी. हो म्हणू शकत नाही, नाही म्हणू शकत नाही. तुमाले बरं वाटावं म्हणून मी नाही म्हणीन, तर ते खोटं होईन. भेव घालाचा म्हणून हो म्हणीन, तर ते बी खोटंच. आज पुन्हा रक्त देऊ द्या, लघवी देऊ द्या. मोठ्या प्रयोगशाळेत पाठवते. तिथं खरोखरचा विषाणू समोर ठेवून पाह्यतात, हिच्या रक्तातलं पाणी कोणाले अडवते ते. तवा समजेन. सोनोग्राफी बी आपल्या बाळंतपणाच्या डाक्टरीणबाई करतीन. पण एक सांगते, ठरवाचं ते हिनं ठरवाचं. नणंदेनं नाही, दिरानं नाही. मी बी नाही."

आणि मग त्या सविताकडं वळल्या. "बेटा, तुले काय वाटते?"

सवितानं पदर खाली घेतला. "साऱ्या गावाले माहीत हाये म्हणते," ती हळूच म्हणाली, "आन प्रत्येक जण येगयेगळं सांगते. तुमी एकट्याच म्हणता माहीत नाही. मंग मी तुमचंच आयकीन. थांबीन."

सासू उठली. तिनं स्वतःच सविताच्या दंडावरची बाही वर केली आणि मला म्हणाली, "घे बाप्पा, काढ रक्त."

निकाल यायला वेळ लागला. त्या दिवसांत मॅडम पुन्हा पुन्हा त्या गावाला गेल्या. नमुन्यांचं निमित्त होतं, पण नमुने मीही आणू शकलो असतो. त्या मुद्दाम भर उन्हात, लोक ओट्यावर बसलेले असताना सविताच्या अंगणात खाट टाकून बसायच्या. तिच्या हातचा चहा प्यायच्या, तिच्या ताटातली पोळी तोडायच्या. शेजारची बाई दारातून बघायची. तिसऱ्या खेपेला मॅडमनी तिला हाक मारली, "या ना व माय, चहा घ्या. चहातून नाही येत हे. मच्छरातून येते, आन मच्छर तुमच्या टाकीत हायेत." आणि तिच्या सिमेंटच्या टाकीवरचं झाकण काढून तिला अळ्या दाखवल्या. त्या संध्याकाळी सविताच्या सासूनं पदर खोचला आणि गल्लीतली एकेक टाकी उपसायला लावली. तिच्या तोंडापुढं कोणाची बिशाद नव्हती. फवारणीवाल्यांपेक्षा त्या गावात तिचाच धाक जास्त झाला.

निकाल आला तेव्हा मॅडमनी तो मोठ्यानं वाचला नाही. आधी शेवटपर्यंत एकदा वाचला, मग पहिल्यापासून पुन्हा. सविताच्या रक्तानं डेंगूच्या विषाणूला अडवलं होतं. झिकाला अडवलं नव्हतं. लघवीतही झिका सापडला नव्हता. ताप डेंगूचा होता.

"माशाअल्लाह" म्हणतील म्हणून आम्ही वाट पाहत होतो. त्या म्हणाल्या, "गाडी पाह्य, राजूर."

अंगणात उभं राहून त्यांनी दोघींना सांगितलं. सासूनं आकाशाकडं हात जोडले आणि मग भीड न ठेवता मॅडमना मिठी मारली. सविता हसली आणि आत जाऊन चुलीवर चहा ठेवला. दिराला कोणी तरी बोलावून आणलं, तो दारात उभा राहून म्हणाला, "मी तं पह्यलेच म्हणत होतो, काही नाही म्हणून."

मला वाटलं, गोष्ट तिथं संपली.

थंडी संपता संपता सविता बाळंतपणाला आमच्याच दवाखान्यात आली. मुलगी झाली. नर्सनं नेहमीसारखं वजन केलं, डोक्याला टेप लावली आणि सगळं बरोबर आहे म्हणून सांगितलं. पण सासू ऐकेना. "ते डाक्टरीणबाई येऊ द्या. तिनं मोजू द्या."

डोकी मोजणं हे काही प्रयोगशाळेचं काम नव्हे. तरी मॅडम गेल्या. मी मागोमाग गेलो. सविता उशीला टेकून बसली होती, बाळ कापडात गुंडाळलेलं, काळंभोर जावळ, मूठ गालाशी. मॅडमनी नर्सकडून टेप घेतली. बाळाच्या डोक्याभोवती ती नेली तेव्हा टेपचं टोक त्यांच्या बोटांतून दोनदा निसटलं. कितीतरी वर्षं मी ते हात पाहत होतो. एका थेंबाचा चौथा भाग उचलणारे हात. त्यांतून कधी काही निसटलेलं मला आठवत नव्हतं.

त्यांनी एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. आकडा नर्सनं सांगितला तोच होता.

"चांगलं हाये, काकू," त्या म्हणाल्या. "गोल हाये, पूर्ण हाये."

सासूनं बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. खोलीत एकदम आवाज सुरू झाले, कोणी पेढे काढले, कोणी फोन लावला. मॅडम मात्र बाहेर व्हरांड्यात गेल्या. मी गेलो तर त्या भिंतीला पाठ लावून सरळ फरशीवर बसल्या होत्या, पांढरे बूट पुढं पसरून. चष्मा हातात होता.

"मॅडम, काय झालं? रिपोर्ट तर आपल्याकडं कधीचा आला होता."

"आला होता," त्या म्हणाल्या. "पण तपासणी बी माणसंच करतात ना राजूर. मोठ्या प्रयोगशाळेत बी माणसंच हायेत. सोनोग्राफी चांगली होती, रिपोर्ट चांगला होता, समदं चांगलं होतं. तरी त्या पोरीनं थांबतो म्हटलं त्या दिवसापासून मले रोज भेव वाटलं. तुमाले नाही सांगतलं मी. तुम्ही साऱ्यांनी माझ्या तोंडाकडं पाह्यलं असतं."

मी म्हणालो, "पण तुम्ही थांबवलं म्हणून हे बाळ..."

"मी नाही थांबवलं." त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "मी तं येवढंच म्हटलं, मले माहीत नाही. ते म्हणून मी घरी गेली, जेवली, झोपली. माहीत नसून पोटात घेऊन ते पोरगी चालली. सारं गाव बोलत होतं, आन ते चालत होती. हिंमत तिची हाये."

आतून सासूची हाक आली. मॅडमनी हात पुढं केला, मी त्यांना उठवलं. ओढणी सारखी करून त्या आत गेल्या, सविताच्या शेजारी खाटेच्या कडेला बसल्या आणि तिच्या कपाळावर हात ठेवून पहिल्यांदाच तिच्याशी उर्दूत बोलल्या.